उसन्या स्टिअरिंगची कुळकथा

फेब्रुवारी १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ हे जहाज तारायंत्राची केबल समुद्रतळाशी सोडत मुंबईहून एडनला निघाले. ब्रिटिश अभियंता ब्रुनेलने आखलेले, जवळजवळ सातशे फूट लांबीचे हे जहाज आपल्या आकारामुळे आणि या केबलमुळे इतिहासात राहिले. मला त्याच्यातले सुकाणूचे यंत्र जास्त मोलाचे वाटते. १८६७ मध्ये जॉन मॅकफार्लेन ग्रे या अभियंत्याने सुकाणू वळवण्यासाठी तिथे वाफेचे इंजिन बसवले होते. एवढ्या मोठ्या जहाजाचे सुकाणू माणसांच्या बळावर वळवायचे तर चाकाशी कित्येक खलाशी लागत. ग्रेने ते काम एका माणसाच्या हाती आणले.

नुसती वाफ लावली म्हणून हे साधले नाही. सुकाणूवाल्याने चाक फिरवले की वाफेची झडप उघडे आणि इंजिन सुकाणू ओढू लागे. सुकाणू हव्या त्या कोनाजवळ येऊ लागले की त्याचीच हालचाल ती झडप बंद करीत जाई. माणसाने मागावे तेवढेच यंत्राने द्यावे आणि थांबावे, ही ती युक्ती. आजही ज्या मोटारीत तेलाच्या दाबावर चालणारे पॉवर स्टिअरिंग आहे, तिच्यात हीच युक्ती काम करते. जुन्या गाडीला दुसऱ्या गाडीचा पॉवर स्टिअरिंग बॉक्स बसवणारा मेकॅनिक खरे तर हीच झडप एका घरातून दुसऱ्या घरात नेत असतो.

मोटारीला या मदतीची गरज भासायला वेळ लागला. सुरुवातीच्या गाड्या हलक्या होत्या, टायर अरुंद होते. १९२० नंतर गाड्या जड झाल्या आणि कमी हवेचे, रुंद ‘बलून’ टायर आले. प्रवास मऊ झाला, पण उभ्या गाडीची चाके वळवताना चालकाचे खांदे भरून येऊ लागले. कारखान्यांनी सोपा उपाय काढला तो स्टिअरिंगचा रेशो वाढवण्याचा. म्हणजे जोर कमी लागेल, पण तेवढ्याच वळणासाठी स्टिअरिंगचे चाक जास्त फिरवावे लागेल. हा सौदा पुढे कित्येक दशके चालला.

अमेरिकेत पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात फ्रान्सिस डेव्हिस नावाचा अभियंता होता. जड ट्रक वळवताना चालकांचे काय हाल होतात ते त्याने रोज पाहिले होते. नोकरी सोडून त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम गावी कार्यशाळा घेतली आणि जॉर्ज जेसप या कारागिराला सोबत घेऊन कामाला लागला. तेलाच्या दाबावर चालणारी त्या काळची बरीच यंत्रे तेल कायम दाबाखाली साठवून ठेवीत. त्यामुळे गळती पाठ सोडत नसे आणि मदत धक्क्याने मिळे. डेव्हिसने तेल मोकळे फिरते ठेवले. गाडी सरळ चालली असताना झडप दोन्ही बाजूंना उघडी असते, पंपातून आलेले तेल तसेच टाकीत परतते आणि दाब जवळपास नसतोच. चालकाने चाक वळवले की झडपेची एक वाट आवळली जाते, त्या बाजूला दाब चढतो आणि पिस्टन ढकलला जातो. चाक सोडले की वाट पुन्हा मोकळी होते. ही रचना पाहताना मला दर वेळी वाटते की डेव्हिसची खरी कमाई दाब निर्माण करण्यात नव्हती. गरज नसेल तेव्हा दाब नाहीसा करणे त्याला साधले होते.

१९२६ मध्ये त्याने हे यंत्र बसवलेली पिअर्स-ॲरो गाडी डेट्रॉइटला नेऊन दाखवली. जनरल मोटर्सने करार केला, कॅडिलॅकसाठी तयारी सुरू झाली. पण महामंदीत खर्च परवडेना आणि १९३४ मध्ये काम थांबले. दोन वर्षांनी बेंडिक्स कंपनीने त्याला हात दिला. मग दुसरे महायुद्ध आले. चिलखती गाड्यांचे वजन माणसाच्या हाताला झेपणारे नव्हते. ब्रिटिश सैन्यासाठी बनलेल्या शेवरोले चिलखती गाड्यांत पॉवर स्टिअरिंग गेले आणि त्याने आपली लायकी सिद्ध केली. सामान्य ग्राहकाच्या गाडीत ते १९५१ मध्ये क्रायस्लरने इम्पीरियलमधून आणले, आणि तेही डेव्हिसच्या मुदत संपलेल्या पेटंटांच्या आधारावर. दुसऱ्याच वर्षी जनरल मोटर्सच्या गाड्यांत ते आले. ज्याने पंचवीस वर्षे झिजून हे उभे केले, त्याचे नाव आज गॅरेजमध्ये कुणाला ठाऊक नसते याचे मला मनापासून वाईट वाटते.

इथून या कुळाच्या दोन शाखा झाल्या. एका शाखेत मूळ साधा बॉक्स तसाच राहतो. झडप आणि ढकलणारा सिलिंडर बाहेर, दांड्यांच्या जोडणीवर बसतात. १९६० च्या दशकातली फोर्ड मस्टँग आणि १९६३ ते १९८२ ची कॉर्व्हेट या शाखेतल्या. होस जास्त, सांधे जास्त, म्हणून गळतीही जास्त. दुसऱ्या शाखेत झडप, पिस्टन आणि गिअर एकाच ओतीव घरात असतात. आज ज्याची अदलाबदल होते तो बहुधा या दुसऱ्या शाखेतला बॉक्स असतो.

त्या शाखेचे मूळ घर म्हणजे मिशिगनमधले सॅगिनॉ हे गाव. १९०६ मध्ये जॅक्सन, चर्च अँड विलकॉक्स या कंपनीने तिथे ‘जॅकॉक्स’ नावाचे स्टिअरिंग गिअर बनवायला घेतले. ब्युइक हे त्यांचे गिऱ्हाईक. पुढे कारखाना जनरल मोटर्सच्या छत्राखाली गेला आणि १९२८ मध्ये सॅगिनॉ स्टिअरिंग गिअर विभाग झाला. सॅगिनॉच्या बॉक्समध्ये वर्मवर, म्हणजे आटे पाडलेल्या दांड्यावर, एक नट पुढे-मागे सरकतो आणि दोघांच्या मधल्या खाचांतून पोलादी गोळ्यांची माळ फिरत राहते, त्यामुळे घासण्याऐवजी घरंगळणे होते. नटाच्या बाहेरच्या दात्यांत सेक्टर शाफ्टचे दाते अडकलेले असतात आणि शाफ्टच्या टोकाला चाकांकडच्या दांड्यांना हलवणारा पिटमन आर्म असतो. पॉवरच्या बॉक्समध्ये हाच नट पिस्टनही होतो.

झडपेचे नियंत्रण एका पोलादी सळीकडे असते. तिला टॉर्शन बार म्हणतात. जाडी साधारण पाच मिलिमीटर. चाक वळवले की ती किंचित पिळली जाते आणि त्या पिळाने झडप हलते. सळी बारीक असली तर बोटाने चाक फिरते, पण रस्ता हाताला कळत नाही. जाड असली तर थोडा जोर लागतो आणि टायरखाली काय चालले आहे ते समजते. १९६० च्या दशकातल्या मोठ्या अमेरिकन गाड्यांचे स्टिअरिंग हलके पण बधिर म्हणून ओळखले जाई, त्याचे एक कारण ही सळी.

सॅगिनॉचा बॉक्स पुढे जनरल मोटर्सच्या अंगणाबाहेर गेला. इंटरनॅशनल स्काउटने तो घेतला, अमेरिकन मोटर्सने घेतला, आणि अमेरिकन मोटर्सकडे जीप आल्यावर १९७२ पासून जीपलाही मिळाला. १९८७ मध्ये जीप क्रायस्लरकडे गेली तरी बॉक्स बदलला नाही. म्हणून १९९३ ते १९९८ च्या ग्रँड चेरोकीत, म्हणजे क्रायस्लरच्या गाडीत, सॅगिनॉचा बॉक्स सापडतो. चेसिसवर बसायची बोल्टांची भोके १९६० च्या दशकातल्या शेवरोले शेव्हेल आणि कमॅरोशी जुळतात. पिटमन आर्मचे ३२ दाते जुळतात. फरक पडतो तो हाताला. त्या जुन्या गाड्यांतल्या साध्या बॉक्सचा रेशो २४ ला १, नेहमीच्या पॉवर बॉक्सचा साडेसतराला १, आणि ग्रँड चेरोकीचा तेराच्या आसपास. चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायला जिथे चार-पाच फेरे लागत, तिथे तीनात काम होते. सळीही जाड. भंगारातल्या ग्रँड चेरोकीचे बॉक्स शोधण्यामागे जुन्या शेवरोलेवाल्यांचे हे साधे गणित आहे.

सोयरीक जुळवताना कूळ पाहतात, तसे इथेही पाहावे लागते, आणि कूळ एक असले तरी सगळेच जुळते असे नाही. जुन्या बॉक्सच्या वरच्या शाफ्टला ३६ दाते आणि व्यास तेरा-सोळांश इंच. नंतरच्याला ३० दाते आणि पाऊण इंच. म्हणून स्टिअरिंग कॉलमशी जोडणारा रबरी कपलर, ज्याला अमेरिकेत रॅग जॉइंट म्हणतात, बदलावा लागतो. होसची टोके जुनी इंची आणि फ्लेअरची, नवीन मेट्रिक आणि ओ-रिंगची. मधे ॲडॅप्टर लागतो. तो न लावता जुनेच नट आवळून बसवले तर दाबाखाली तेल सुटते, आणि हा दाब चौरस इंचाला हजार पाउंडांच्या वर जातो. तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडले तर आग लागू शकते. काही बॉक्सच्या पोटात अटकाव असतात. १९८२ नंतरच्या कमॅरोचा बॉक्स जुन्या गाडीत बसतो, पण त्याचा आर्म कमी फिरतो आणि गाडीला वळायला जास्त जागा लागते. बॉक्स विकत घेताना हे दिसत नाही, यू-टर्न घेताना दिसते.

जीपचे प्रकरण याहून अवघड आणि आपल्या जवळचे आहे. मुंबईत माझगावला १९४० च्या दशकाच्या अखेरीस जुळू लागलेल्या विलिज जीपला रॉस कंपनीच्या रचनेचा, कॅम आणि लिव्हरचा बॉक्स होता. त्याचा आर्म पुढे-मागे हलतो, ड्रॅग लिंक मधल्या बेलक्रँकला ढकलते आणि तिथून दोन टाय रॉड दोन चाकांकडे जातात. प्रत्येक सांधा थोडा झिजला की स्टिअरिंगच्या चाकात मोठा प्ले, म्हणजे ढिलेपणा, जमा होतो. सॅगिनॉचा बॉक्स चेसिसच्या पुढच्या टोकाला बसतो आणि त्याचा आर्म आडवा हलतो. बेलक्रँक निघून जातो, सगळी जोडणी नव्याने आखावी लागते. इथेच लोक चुकतात. ड्रॅग लिंक आणि ॲक्सल यांचा तिरपेपणा जुळला नाही तर खड्ड्यात गाडी गेली की चाक आपोआप वळते. शिवाय जीपची चेसिस त्या जागी पातळ आहे. मनुष्यबळाने जो ताण कधी येत नसे तो आता तेलाच्या दाबाने येतो आणि बोल्टांभोवती पत्रा तडकतो. दुसऱ्या बाजूच्या चेसिसपर्यंत आधाराची पट्टी नेल्याशिवाय हे काम पुरे झाले असे मी मानत नाही.

स्टिअरिंगचा आर्म किंवा लिंक तापवून वाकवू नये, कापून वेल्डिंग करू नये. फोर्ज केलेल्या पोलादाला अशी उष्णता दिली की त्याची ताकद जाऊ शकते आणि ते वाकून इशारा न देता तुटू शकते. कॉलमचा दांडा चालकाच्या छातीकडे रोखलेला असतो, हेही विसरू नये. पहिल्या मस्टँगमध्ये बॉक्सपासून चाकापर्यंत एकच सलग दांडा होता. अपघातात दुमडणारा कॉलम जनरल मोटर्सने १९६७ च्या गाड्यांत आणला, आणि तो बनवला सॅगिनॉनेच. बॉक्स बदलताना कॉलम उघडणारच असेल, तर दुमडणारा दांडा त्याच वेळी बसवून घ्यावा.

आपल्याकडे कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२, काही अपवाद सोडता, नोंदणीतले तपशील कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते ठासून सांगितले. २०२१ च्या व्हिंटेज वाहनांच्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाडीला वेगळी नोंदणी मिळते, पण गाडी मूळ रूपात जपलेली हवी. चेसिसला हात लागेल असे काही करण्याआधी आरटीओत लेखी विचारणे शहाणपणाचे.

मी या अदलाबदलीच्या बाजूचा आहे. जी गाडी जड स्टिअरिंगमुळे शेडमध्ये उभी राहते, ती रस्त्यावर यावी. पण बोल्टने बसेल आणि बोल्टनेच निघेल असाच बॉक्स निवडा, चेसिस कापू नका. काढलेला मूळ बॉक्स, आर्म आणि कॉलम भंगारात देऊ नका. तेल लावून, चिठ्ठी बांधून ठेवा. गाडी तुमच्यानंतर ज्याच्याकडे जाईल त्याला तो लागेल.