प्ले कॉलिंग चुकलं की दुखापत नडली? सिनसिनाटीच्या एका खांद्याची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा आजचा भाग. विषय आहे अमेरिकन फुटबॉल. हो, तोच हेल्मेटवाला, ज्यात पायाने चेंडू क्वचितच मारतात. थांबा, लगेच पुढच्या भागावर जाऊ नका. नियम दोन मिनिटांत सांगतो, आणि त्यानंतरची गोष्ट तुम्हाला क्रिकेट कळत असेल तरी पुरेसं आहे.

चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना चार प्रयत्न. त्या चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे साधारण नऊ मीटर पुढे जायचं. गेलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याला. प्रत्येक प्रयत्नाआधी ठरवावं लागतं की आता पळायचं की पास फेकायचा, कोण कुठल्या रेषेत धावणार, कोण कोणाला अडवणार. हे ठरवणं म्हणजे प्ले कॉलिंग. आणि चेंडू हातात घेऊन हे सगळं अमलात आणणारा तो क्वार्टरबॅक. समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याला आडवं करायला धावत येत असतात. पास फेकायच्या आत तो आडवा झाला की त्याला सॅक म्हणतात.

आता कुठल्याही हरलेल्या सामन्यानंतर चाहत्यांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, कोचने प्लेच भिकार निवडले. दुसरा म्हणतो, अर्धी टीम जायबंदी आहे, कोच बिचारा काय करणार? मी रविवारी रात्री साडेदहाला मॅच लावून बसतो (तिकडे थंडी पडली की घड्याळं बदलतात आणि आपली मॅच साडेअकराला सुरू होते, सोमवारच्या स्टँडअप मीटिंगचं काय होतं ते विचारू नका), आणि हे दोन पक्ष वर्षानुवर्षं एकमेकांशी भांडताना ऐकतोय. माझं म्हणणं असं की हे दोन वाद नाहीतच, एकच आहे. आणि ते सर्वात स्वच्छ दिसतं ओहायो नदीकाठच्या सिनसिनाटी शहरात, बेंगल्स या टीमच्या इतिहासात.

सुरुवात पॉल ब्राउनपासून करावी लागेल. हा माणूस म्हणजे प्ले कॉलिंगचा मूळ पुरुष. त्याच्या आधी मैदानात काय करायचं ते बहुतेक वेळा क्वार्टरबॅकच ठरवायचा. ब्राउन 1946 पासून क्लीव्हलंडचा कोच होता, आणि त्याला ते काही पटेना. तो प्रत्येक प्लेला एक गार्ड खेळाडू बदलायचा, आणि आत जाणारा खेळाडू कोचचा निरोप घेऊन जायचा. चालता-बोलता मेसेजिंग अ‍ॅप! 1956 मध्ये तर त्याने क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ बसवला. लीगच्या कमिशनरने काही आठवड्यांत त्यावर बंदी घातली. तोच रेडिओ अधिकृतपणे परत यायला 1994 उजाडलं.

पण ब्राउनचं दुसरं एक काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 1953 मध्ये त्याच्या क्वार्टरबॅकचं, ऑटो ग्रॅहमचं, सामन्यात तोंड फुटलं. टाके घातले, हेल्मेटला समोरून पारदर्शक प्लास्टिकची पट्टी लावली आणि गडी त्याच सामन्यात परत मैदानात. पुढे चेहऱ्यापुढची जाळी सर्रास झाली, त्यात या प्रसंगाचा वाटा मोठा आहे. म्हणजे बघा, प्ले कोण सांगणार आणि प्ले खेळणाऱ्याचं शरीर कसं टिकणार, हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाच्या टेबलावर होते.

क्लीव्हलंडच्या मालकाने 1963 च्या जानेवारीत ब्राउनला काढून टाकलं. पाच वर्षांनी त्याने सिनसिनाटीत नवी टीम उभी केली, बेंगल्स. नवी टीम म्हणजे इतरांनी सोडलेले खेळाडू आणि कॉलेजातून आलेली पोरं. सहायक कोच म्हणून त्याने एक शांत, काहीसा प्राध्यापकी थाटाचा माणूस घेतला, बिल वॉल्श.

1969 मध्ये त्यांना ग्रेग कुक मिळाला. सिनसिनाटी विद्यापीठाचाच मुलगा, उंच, आणि हात असा की चेंडू लांबवर सरळ रेषेत जायचा. पहिल्याच वर्षी टीमने पहिले तिन्ही सामने जिंकले. तिसरा सामना कॅन्सस सिटीविरुद्ध होता, आणि ही साधीसुधी टीम नव्हती, त्याच हंगामाच्या शेवटी तिने सुपर बोल जिंकला. त्या सामन्यात कुक उजव्या खांद्यावर आपटला. फेकायच्या हाताचा खांदा.

इथे जरा थांबू या. तेव्हा एमआरआय नव्हता. खांद्याच्या आत स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या पट्ट्यांचा जो पट्टा असतो, रोटेटर कफ, तो फाटला होता. ते कोणाच्या लक्षात आलं नाही. कुक तीन सामने बाहेर बसला, आणि मग परत आला. कॉर्टिझोनची इंजेक्शनं घ्यायची, दुखणं दाबायचं आणि फेकायचं. तशा खांद्याने त्याने बलाढ्य ओकलंडला हरवलं. त्या वर्षी नेहमीच्या हंगामात ओकलंड एकच सामना हरली, तो हाच. हंगामाअखेर त्याच्या प्रत्येक यशस्वी पासमागे सरासरी 17.5 यार्ड निघाले. आजच्या चांगल्या क्वार्टरबॅकचा हा आकडा अकरा-बाराच्या आसपास असतो. म्हणजे हा पोरगा फाटक्या खांद्याने सिक्सरच मारत होता.

त्या वेळी तुम्ही सिनसिनाटीचे चाहते असतात तर त्याला बसवा म्हणाला असतात का? मला नाही वाटत. सगळ्यांना तो मैदानात हवा होता. त्यालाही खेळायचं होतं. कोचचे प्लेसुद्धा त्याच्या लांब फेकीवरच बेतलेले. आणि प्रत्येक लांब फेकीसाठी खांद्याला पूर्ण ताण. कुठला प्ले निवडायचा हा निर्णय त्या खांद्यावर रोज थोडा थोडा वसूल होत होता.

1970 च्या हंगामाआधी हात चालेना. मग शस्त्रक्रिया झाली, एक नाही, अनेक. दंडाचा बायसेप्स स्नायूही जागेवरून काही अंशी सुटल्याचं समोर आलं. 1973 मध्ये तो एकदा परतला. तीन पास फेकले, एक पूर्ण झाला, अकरा यार्ड. संपलं. वॉल्शने पुढे मोठमोठे क्वार्टरबॅक घडवले, पण हाताच्या गुणवत्तेबद्दल बोलताना तो वर्षानुवर्षं कुकचं नाव घेत राहिला.

पण 1970 मध्ये वॉल्शपुढचा प्रश्न हळहळ करण्याचा नव्हता. हंगाम तोंडावर, आणि नवीन क्वार्टरबॅक म्हणून हाताशी आला व्हर्जिल कार्टर. इतर टीमांनी सोडलेला, चपळ, डोक्याने तल्लख, पण हातात जोर बेताचा. कुकसाठीचे प्ले त्याला द्यायचे म्हणजे जुन्या फोनवर नवा गेम टाकण्यासारखं. इन्स्टॉल होईल, चालणार नाही.

वॉल्शने काय केलं? लांब फेकणं जमत नाही ना, मग मैदान आडवं वापरू. अमेरिकन फुटबॉलचं मैदान 53 यार्डांहून थोडं जास्त रुंद असतं, आणि ती रुंदी तोवर कोणी अशी पद्धतशीर ताणली नव्हती. तीन पावलं मागे, चेंडू सोड. पाच पावलं मागे, चेंडू सोड. क्वार्टरबॅकच्या पावलांची मोजणी आणि रिसीव्हरच्या धावण्याची रेषा यांचं टायमिंग जुळवलेलं. पहिला रिसीव्हर मोकळा नाही, तर दुसरा. दुसरा नाही, तर जवळ उभ्या पळणाऱ्याला छोटा पास. सहा-सात यार्ड मिळाले, झकास. जे काम लोक पळून करायचे, ते वॉल्श छोट्या पासने करू लागला.

आणि यातला एक फायदा चाहत्यांच्या बोलण्यात फार कमी येतो. चेंडू लवकर हातातून गेला की सव्वाशे किलोचा माणूस पोचेपर्यंत क्वार्टरबॅककडे काही नसतंच. तो कमी वेळा आपटतो. ही पद्धत दुर्बळ हातासाठी तयार झाली, पण ती शरीर वाचवणारीही निघाली.

1970 मध्ये बेंगल्सनी पहिल्या सात सामन्यांत एकच जिंकला आणि पुढचे सातही जिंकले. टीमचं वय तीन वर्षं, आणि थेट प्लेऑफमध्ये. तिथे बाल्टिमोरकडून 17-0 असा मार खाल्ला, ती गोष्ट वेगळी. 1971 मध्ये कार्टरचे 62.2 टक्के पास पूर्ण झाले, लीगमध्ये सर्वाधिक.

या कार्टरवर माझा विशेष जीव आहे, आणि कारण ऐकाल तर इंजिनिअर मंडळी उड्या मारतील. हा बाबा खेळता खेळता नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात एमबीए करत होता. रॉबर्ट मॅकॉल या प्राध्यापकाबरोबर त्याने 1969 च्या हंगामातले 8,000 हून जास्त प्ले कॉम्प्युटरवर तपासले आणि 1971 मध्ये ‘ऑपरेशन्स रिसर्च’ या नियतकालिकात लेख छापला. प्रश्न साधा होता: मैदानावर अमुक ठिकाणी चेंडू आहे, तर तिथून सरासरी किती गुणांची अपेक्षा धरायची? स्वतःच्या गोलरेषेला खेटून असाल तर उत्तर उणे येतं, म्हणजे पुढचे गुण तुमच्यापेक्षा समोरच्याने मिळवायची शक्यता जास्त. आज टीव्हीवर जे ‘एक्स्पेक्टेड पॉइंट्स’ झळकतात आणि चाहते ज्यावरून कोचची लाज काढतात, त्याचं मूळ या लेखात आहे. ऑफिसात डॅशबोर्ड बनवणाऱ्या आमच्यासारख्यांनी या माणसाचा फोटो डेस्कवर लावायला हरकत नाही.

पुढचं भराभर सांगतो, कारण ते प्रसिद्ध आहे. 1976 च्या पहिल्या दिवशी ब्राउनने कोचपद सोडलं आणि वारस म्हणून वॉल्शला नाही, दुसऱ्या सहायकाला नेमलं. वॉल्श निघून गेला. 1979 मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोचा मुख्य कोच झाला. पहिल्या वर्षी सोळा सामन्यांत दोन विजय. तिसऱ्या हंगामात सुपर बोल, आणि समोर कोण? सिनसिनाटी. 26-21. 1989 च्या जानेवारीत पुन्हा सुपर बोल, पुन्हा सिनसिनाटी, पुन्हा वॉल्श जिंकला. त्या पद्धतीला जगाने नाव दिलं ‘वेस्ट कोस्ट ऑफेन्स’. जन्म ओहायो नदीवरचा, नाव पॅसिफिक किनाऱ्याचं! सिनसिनाटीच्या म्हाताऱ्या चाहत्यांपुढे हा शब्द काढून बघा.

आता आजच्या बेंगल्सकडे येऊ, कारण गंमत अशी की त्यांचा वाद अजून तोच आहे. 2020 मध्ये त्यांनी जो बरोला पहिल्या क्रमांकाने घेतलं. पहिल्याच हंगामात त्याचा गुडघा फाटला. 2021 च्या निवडीत टीमपुढे पेच: बरोला संरक्षण देणारा पनेई सूअल घ्यायचा, की त्याचा कॉलेजमधला साथीदार, रिसीव्हर जमार चेस? चाहत्यांत उभी फूट. टीमने चेस घेतला. चेस अफलातून निघाला, आणि त्याच हंगामात बरो 51 वेळा सॅक झाला, लीगमध्ये सर्वाधिक. टेनेसीविरुद्धच्या प्लेऑफ सामन्यात नऊ वेळा आडवा झाला, तरी सामना जिंकला. मग 13 फेब्रुवारी 2022 चा सुपर बोल. लॉस एंजेलिसविरुद्ध तीन गुण मागे, शेवटचं मिनिट, तिसरा प्रयत्न, एक यार्ड हवाय. कोच झॅक टेलरने पेराइनला पळवलं, मुख्य धावपटू मिक्सन बाहेर उभा. शून्य यार्ड. चौथ्या प्रयत्नाला पास.

तो चौथा प्ले पुन्हा बघा. चेसला अडवणारा खेळाडू घसरलाय, चेस लांबवर मोकळा पळतोय. पण बरोला तिकडे बघायलाच वेळ नाही, अ‍ॅरन डॉनल्ड त्याच्या अंगावर पोचलाय. 20-23. त्या प्लेवर कोचला शिव्या देणाऱ्यांना मी एवढंच विचारतो की तुम्हाला तिसरा प्रयत्न खटकतोय की चौथा? तिसऱ्यावर मी तुमच्याबरोबर आहे, मिक्सन मैदानात हवाच होता. चौथ्यावर नाही. तिथे प्ले चालला होता, फक्त तो चालायला लागणारा एखादा सेकंद दहा महिने आधी, निवडीच्या टेबलावर, खर्च झाला होता. आणि तो चेसवरच खर्च झाला होता, हीसुद्धा मजाच.

2023 मध्ये बरोचं मनगट गेलं. 2025 च्या सप्टेंबरमध्ये पायाच्या अंगठ्याला इजा, शस्त्रक्रिया. तो परतायच्या वेळेपर्यंत टीम 3-8 झाली होती. मग ठरल्याप्रमाणे वाद पेटला: हंगाम तर गेलाच, मग आता कशाला खेळवता त्याला? बसवा सरळ पुढच्या वर्षापर्यंत! दुसरा पक्ष म्हणाला, माणूस बरा झालाय, खेळायचं म्हणतोय, तुम्ही कोण अडवणारे?

मी ‘बसवा’ पक्षात होतो, आणि आजही आहे. आज स्कॅन होतात, फाटलेलं दिसतं, खेळाडूला डॉक्टरच्या शब्दाबरोबर चित्रही बघायला मिळतं. कुकला यातलं काहीच नव्हतं. पण 56 वर्षांपूर्वी तीन सामने बाहेर बसलेला मुलगा मैदानात परतला तेव्हा तोही खेळायचंच म्हणत होता.

27 नोव्हेंबरला बरो बाल्टिमोरविरुद्ध उतरला. बेंगल्सनी सामना जिंकला. दुसऱ्या दिवशी ‘खेळवा’वाले म्हणाले, बघा! आणि ‘बसवा’वाल्यांनी उरलेले सामने मोजायला घेतले.