आळशी शाळकरी पोर : एका पक्ष्याचे नाव आणि डहाणू-तलासरीचा इतिहास

श्रोतेहो, आज आपण वारल्यांच्या इतिहासाकडे जरा आडवाटेने जाणार आहोत, एका पक्ष्याच्या वाटेने. हा पक्षी म्हणजे शीळकरी कस्तूर. सह्याद्रीतल्या ओढ्याकाठच्या जंगलात राहतो. रंग काळसर निळा, कपाळावर आणि खांद्यावर चकाकता निळा डाग. पावसाळ्यात उजाडायच्या आधीच तो शीळ घालू लागतो. शीळ थेट माणसासारखी, पण तिला ठरलेली चाल नाही. सूर वर जातो, खाली येतो, मध्येच तुटतो.

निकोलस व्हिगर्स या प्राणिशास्त्रज्ञाने 1831 साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. इथल्या इंग्रजांनी मात्र बोलताना त्याला 'आळशी शाळकरी पोर' म्हटले. शाळा चुकवून उगाच शीळ घालत हिंडणारे पोर! नाव गमतीचे आहे, आम्हालाही हसू येते. पण खरे पाहिले तर तो पक्षी त्या वेळी कामात असतो. विणीचा काळ असतो, आपली हद्द राखायची असते. शीळ खळाळत्या पाण्याच्या वर ऐकू गेली पाहिजे. कपारीत मुळ्या-चिखलाचे घरटे बांधायचे, पिलांसाठी किडे, खेकडे, बेडूक आणायचे. यात आळस कुठे आला?

याचाच एक भाऊबंद श्रीलंकेच्या मध्यभागातल्या उंच, ओल्या डोंगररानात राहतो. जगात दुसरीकडे कुठेच नाही. त्याचे वर्णन 1872 साली होल्ड्सवर्थ यांनी केले आणि सॅम्युअल ब्लाय या कॉफी मळेवाल्याचे नाव त्याला दिले. आता गंमत बघा. ज्या डोंगररानात हा पक्षी राहतो, तशीच राने तोडून तिथे कॉफीचे मळे उभे राहिले. कॉफीवर तांबेरा पडला, तेव्हा चहा आला. पक्ष्याच्या वाट्याला रानाचे तुकडे उरले. आज तो धोक्यात असलेल्या पक्ष्यांत मोजला जातो, आणि नाव मळेवाल्याचेच वागवतो.

म्हणजे नाव वस्तूचे असते, पण त्यात नाव देणाऱ्याची जागाही लपलेली असते. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभी 'अध्यासा'चा विचार केला आहे. एका वस्तूवर दुसरीचे धर्म लादणे, म्हणजे अध्यास. आमचे म्हणणे असे की अध्यास इतिहासातही घडतो.

आता डहाणू-तलासरीकडे या. वसाहतकाळातल्या लिखाणात डोंगरातल्या लोकांसाठी 'आळशी', 'बेफिकीर' अशी विशेषणे वारंवार भेटतात. त्याच काळात काय घडत होते? 1878 च्या वनकायद्याने जंगल राखीव करण्याचा सपाटा लागला. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा, तर झाडांच्या फांद्या हव्यात. तेवढ्यावरही बंधने आली. ठाणे-कुलाब्यातून इतक्या तक्रारी झाल्या की मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल 1887 चा. जमीन सावकार-जमीनदारांकडे गेली. वारली त्यांच्या शेतावर फुकट राबू लागला, ती वेठ. लग्नासाठी कर्ज काढले की नवरा-बायको दोघे धन्याच्या घरी बांधले जात, तो लग्नगडी. मुंबईच्या तबेल्यांना लागणारे गवत हाच माणूस कापत होता. आणि कागदावर आळशी तोच!

1945 साली तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांनी ठरवले की फुकट वेठ करायची नाही. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. आळशी माणसाचा संप धन्याला का झोंबावा, हा प्रश्न आम्ही तुमच्यावरच सोपवतो. काम थांबले तेव्हा ते काम किती होते, हे धन्यांना कळले.

2006 च्या वनहक्क कायद्याने आपल्या प्रस्तावनेतच आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे मान्य केले. कायद्याने एवढे मान्य करायला स्वातंत्र्यानंतर जवळजवळ साठ वर्षे लागली. दाव्यांच्या फायली अजून फिरताहेत, आणि 'यांना कामच नको' हे वाक्य आपल्या शहरांत आजही सहज बोलले जाते.

तेव्हा जुने गॅझेटियर जरूर वाचा. त्यात मोलाची माहिती आहे, ते टाकून चालणार नाही. फक्त विशेषण आले की थांबा. हे लिहिणारा कुठे बसला होता, ज्याच्याबद्दल लिहिले तो त्या वेळी काय करत होता, एवढे दोन प्रश्न विचारा. राब आणि त्या वन आयोगाविषयी पुढच्या व्याख्यानात सविस्तर बोलू.