‘उत्तम’ या रकान्यात काय काय मावतं?

संशोधनाचा विषय शोधताना आपण विचारतो, यावर काम झालंय का? त्याआधी एक प्रश्न विचारून बघा: झालेल्या कामात मोजलं काय? कार्डिअॅक अरेस्टमधून वाचलेल्यांचं उदाहरण घेऊ. (हार्ट अटॅक वेगळा. त्यात हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अडतो. अरेस्टमध्ये हृदयाचं रक्त ढकलणंच थांबतं.)

१९६० साली जॉन्स हॉपकिन्समधल्या कावेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी छाती न उघडता, नुसतं बाहेरून दाबून हृदय चालू ठेवायची पद्धत प्रसिद्ध केली. २० रुग्णांपैकी १४ वाचले. कुत्र्याच्या छातीवर शॉकची जड पॅडल्स दाबली की रक्तदाब किंचित वाढतो, हे मुळात टिपलं होतं निकरबॉकरने, आणि तो तेव्हा इंजिनिअरिंगचा संशोधक विद्यार्थी होता. हे आपलं जाता जाता, उमेद म्हणून.

मोजमाप साहजिकच एकच होतं: जगला की नाही. तरी सातच वर्षांत, १९६७ मध्ये, ड्रस आणि कॉर्नफेल्ड या मानसोपचारतज्ज्ञांनी वाचलेल्यांशी बोलून एक निबंध लिहिला. रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. झोप न लागणं, भयानक स्वप्नं, चिडचिड. म्हणजे प्रश्न दिसला नव्हता असं नाही. पण पुढे काय झालं?

पुढे आली मोजपट्टी. १९७५ च्या ग्लासगो आउटकम स्केलवरून अरेस्टसाठी पाच पायऱ्यांची ‘सीपीसी’ तयार झाली: १ म्हणजे उत्तम, ५ म्हणजे मृत्यू. १९९० मध्ये नॉर्वेतल्या उटस्टाइन मठात तज्ज्ञ जमले, नोंदी कशा ठेवायच्या हे ठरलं आणि सीपीसी जगभर रुळली. तिची पहिली पायरी नीट वाचा. माणूस शुद्धीवर, काम करण्याजोगा. सौम्य मानसिक त्रास असला तरी चालेल. ‘चालेल’ हे व्याख्येतच आहे! रात्री झोपायला घाबरणारा माणूसही ‘उत्तम’मध्येच बसतो. मोजपट्टी बनवणाऱ्यांना दोष देत नाही मी. त्यांना मेंदू किती वाचला हे पटकन नोंदवायचं होतं. आपण मात्र त्या आकड्याला ‘बरा झाला’ असं वाचत राहिलो.

आणि नातेवाईक? त्यांना तर रकानाच नव्हता. आता गंमत बघा, गंमत कसली म्हणा. रुग्णाला तो प्रसंग बहुतेक वेळा आठवतच नाही. आठवतो तो बायकोला, जिने फोन करता करता छाती दाबली. नंतर रात्री उठून श्वास चालू आहे ना हे बघणारीही तीच. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या एका चाचणीत ५७० नातेवाइकांचा अभ्यास झाला. ज्यांना सीपीआर चालू असताना तिथे थांबायची मुभा रीतसर देऊ केली, त्यांच्यात ९० दिवसांनी आघातोत्तर ताणाची लक्षणं कमी आढळली. त्यातले बहुतेक रुग्ण वाचले नव्हते, म्हणून हा निष्कर्ष वाचलेल्यांच्या घरांना जसाच्या तसा लावू नका.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने ‘जीवनसाखळी’त सहावी कडी, म्हणजे पूर्ववत होणं, जोडली ती २०२० मध्ये. रुग्णांबरोबर त्यांची काळजी घेणाऱ्यांचीही चिंता, नैराश्य तपासा, असं तेव्हाच्या शिफारशींत आहे. १९६७ पासून मोजा, ५३ वर्षं.

त्याआधी, २०१५ मध्ये, नेदरलँड्समधल्या मूलार्ट आणि सहकाऱ्यांची चाचणी आली होती. घरी परतलेल्या रुग्णाला आणि जवळच्या माणसाला नर्स भेटायची, विचारपूस करायची, गरज पडल्यास पुढे पाठवायची. वर्षभरात रुग्णांची चिंता कमी झाली, जगणं सुधारलं. जवळच्या माणसांच्या आकड्यांत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. मला वाटतं, भेटीचा केंद्रबिंदू तरीही रुग्णच होता. पण हे माझं वाटणं आहे. कुणीतरी तपासायला हवं.