अ‍ॅरॅक्नॉइड सिस्ट (अर्भकांतील)

मेंदूवरील जालतानिका या पातळ आवरणाच्या पदरांत मस्तिष्कमेरुद्रव साचून झालेली, बहुधा जन्मजात व कर्करोगाशी संबंध नसलेली पिशवी. रिचर्ड ब्राइट यांनी १८३१ मध्ये तिचे वर्णन केले. निदान महागड्या यंत्रावरच अवलंबून असते, हा समज अर्धाच खरा आहे. जन्मतः सुमारे ३४ सेंमी. असलेला डोक्याचा घेर पहिल्या वर्षात साधारण १२ सेंमी. वाढतो, वाढ याहून वेगाने झाली किंवा टाळू फुगली, तर संशय मोजपट्टीनेच येतो. उघड्या टाळूतून सोनोग्राफी होते. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या एपिडर्मॉइड गाठीपासूनचा फरक एमआरआय दाखवते. म्हणून नांदेड (१९८८) व लातूर (२००२) येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांइतकेच अंगणवाडीतील मोजमाप आणि २०१३ पासूनचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम महत्त्वाचे ठरतात.

अशा तपासणीतून अनावश्यक शस्त्रक्रिया वाढतील, हा आक्षेप रास्त आहे. कारण अनेक सिस्ट आयुष्यभर निरुपद्रवी राहतात. पण शोध म्हणजे शस्त्रक्रिया नव्हे. लक्षणे नसतील तर देखरेख पुरते. जलशीर्ष, आकडी किंवा वाढता दाब असेल तरच हस्तक्षेप करतात. दुर्बिणीतून पिशवीला छिद्र पाडल्यास शरीरात नळी राहत नाही. मात्र वर्षाआतील बाळांत ते छिद्र बुजण्याचा धोका अधिक असतो. पोटात द्रव सोडणारी शंट नळी दाब लवकर उतरवते, पण ती तुंबू शकते किंवा तिला जंतुसंसर्ग होऊ शकतो. त्यामुळे दूरच्या तालुक्यातील बाळासाठी पद्धत निवडताना तातडीने परत येण्याची सोयही वैद्यकीय निकषच मानावी लागते.