नवरी, नवरदेव आणि पांढरे ठिपके

परवा रात्री भाचीचा फोन आला. तिच्या वाढदिवसाला काचेची टाकी आणि दोन गोल्डफिश घरी आले आहेत. "मामा, यातला मुलगा कोण आणि मुलगी कोण?" मी म्हटलं, "आत्ता नाही सांगता येणार. थोडे मोठे होऊ देत, थंडी सरली की बघू." तिला हे उत्तर अजिबात आवडलं नाही. मामाला काही येत नाही असं तिने तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं आणि फोन ताईकडे दिला. ताई मात्र क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "नवरी आठवली का रे?"

आठवली. त्याचीच ही गोष्ट. पण घरातली गोष्ट सांगता सांगता चीन-जपानची एक फेरी होणार आहे, तेव्हा नमनाला घडाभर तेल जाईल. सांभाळून घ्या.

१९८५ च्या दिवाळीत बाबांनी दोन गोल्डफिश आणले. एक लालबुंद, दुसरा पांढराशुभ्र. पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात रेडिओच्या शेजारी टाकी बसली. आजीने चष्मा लावून वाकून पाहिलं आणि निकाल दिला : लाल शालू नेसलीय ती नवरी, पांढरा झब्बा घातलाय तो नवरदेव. बारसं झालं. पुढची सव्वा वर्षं कुणालाही या निकालाबद्दल शंका आली नाही.

आता गंमत बघा. आजीच्या तीनशे वर्षं आधी एका शिकलेल्या माणसाने हाच प्रश्न असाच सोडवला होता, फक्त उत्तर बरोबर उलटं दिलं होतं. लुई ल कोंत हा फ्रेंच जेझुइट पाद्री, गणित आणि खगोल जाणणारा. चौदाव्या लुईने चीनला पाठवलेल्या गणिती पाद्र्यांपैकी एक. परत आल्यावर १६९६ साली त्याने चीनबद्दलच्या आठवणींचं पुस्तक छापलं. त्यात चिनी लोक घरात पाळतात त्या सोनेरी माशांचं वर्णन आहे. त्याच्या मते नर डोक्यापासून अर्ध्या अंगापर्यंत सुंदर लाल आणि पुढे शेपटीपर्यंत सोनेरी. मादी पांढरी, तिचं शेपूट चांदीसारखं. झालं! पुढे द्यु आल्द नावाच्या दुसऱ्या जेझुइटाने १७३५ मध्ये चीनवर मोठा ग्रंथ काढला, त्यातही हेच वर्णन आलं. या द्यु आल्दने स्वतः चीनमध्ये कधी पाऊलही टाकलं नव्हतं. छापलेलं होतं, म्हणून पुन्हा छापलं गेलं.

ल कोंतला लाल रंग राजेशाही वाटला असेल, म्हणून तो नर. आजीला लाल रंग सौभाग्याचा, म्हणून ती मादी. दोघांनीही मासा नीट पाहिला होता, पण वाचला तो आपापल्या घरातला रंग.

खरी गोष्ट अशी की गोल्डफिशच्या रंगाचा नर-मादीशी काही संबंध नाही. ही पिल्लं जन्मतात तेव्हा मळकट, शेवाळी-तपकिरी असतात, त्यांच्या रानटी पूर्वजांसारखीच. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी बहुतेकांच्या अंगातलं काळं रंगद्रव्य जातं आणि खालचा केशरी-लाल दिसू लागतो. ज्यांचा तोही जातो ते पांढरे. नरही पांढरा होतो, मादीही लाल होते.

मग ज्यांनी हा मासा घडवला, त्या चिनी लोकांना हे कसं कळत होतं? साधं आहे, त्यांना पिल्लं काढायची होती. चीनमध्ये सोंग राजवटीच्या काळापासून, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीपासून, तळ्यांत लाल-सोनेरी मासे हौसेने राखले जात. मिंग राजवटीत, सोळाव्या शतकात, ते तळ्यातून अंगणातल्या मातीच्या कुंडांत आले. १५९६ मध्ये चांग छ्यानद याने या माशांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थ साधारण 'हिंगुळी माशांची वही' असा होतो. आपल्याकडच्या हिंगुळासारखा लाल, म्हणून हिंगुळी. केवळ गोल्डफिशवरचं हे सर्वात जुनं पुस्तक मानतात.

कुंडातला मासा वरून दिसतो, हे लक्षात ठेवा. युरोपात तो पोचला आणि काचेच्या गोल भांड्यात जाऊन बसला. काचेतून बाजूने दिसतो तो रंग आणि झुळझुळीत पंख. वरून दिसते ती पाठ आणि पोट. अंड्यांनी भरलेली मादी वरून पाहिली की एका बाजूला जरा जास्त फुगलेली दिसते. ल कोंतच्या चुकीमागे माझ्या मते हे कारण आहे : त्याने शोभेची वस्तू पाहिली, कुंडाशी रोज बसणाऱ्याने मात्र एक जीव पाहिला, आणि वर्षभर पाहिला.

हे मला कसं सुचलं? २००७ मध्ये कामानिमित्त सहा महिने ओसाकाला होतो, तेव्हाची गोष्ट. ओसाकाहून गाडीने तासाभरात नारा प्रांतातलं यामातो-कोरियामा गाव येतं. या गावाचा धंदाच गोल्डफिशचा. जपानमध्ये हा मासा सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनहून आला असं मानतात. कोरियामात तो १७२४ साली आला असं सांगतात, यानागिसावा योशिसातो हा सरदार काई प्रांतातून इथे बदलून आला तेव्हा. पुढे कमी पगाराच्या सामुराईंनी जोडधंदा म्हणून मासे वाढवायला घेतले. सामुराईंची नोकरी गेल्यावर तर काहींचा तोच मुख्य धंदा झाला. आजही गावाबाहेर शेतांसारखी चौकोनी तळी दिसतात, आणि त्यांत भाताऐवजी मासे.

एप्रिलचा रविवार होता. एक म्हातारे आजोबा उथळ टबात मासे निवडत बसले होते. एक डावीकडे, एक उजवीकडे, भाजी निवडावी तसे. बरोबरच्या सहकाऱ्याने विचारलं तेव्हा कळलं, नर-मादी वेगळे करताहेत. मला म्हणाले, हात ओला कर. एक मासा हळूच माझ्या तळहातावर धरला आणि माझं बोट त्याच्या कल्ल्याजवळच्या पंखाच्या पुढच्या काडीवरून फिरवलं. खरखरीत लागलं, बारीक कानसीसारखं. मग कल्ल्यांच्या झाकणाकडे बोट दाखवलं. त्यावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके होते, ओळीने. "ओइबोशी," आजोबा म्हणाले. सहकाऱ्याने अर्थ सांगितला : पाठलागाचे तारे.

विणीच्या हंगामात नराच्या अंगावर हे ठिपके उठतात. तो मादीच्या मागे लागतो, तिच्या पोटाला ढुशा देतो, म्हणून पाठलाग. चिनी भाषेतही त्याच दोन अक्षरांनी हे ठिपके ओळखतात. तिथे आज तोच शब्द सिनेनटांच्या मागे धावणाऱ्या पोरांसाठीही वापरतात, ते सोडा.

मी मात्र हातात मासा धरून तसाच उभा राहिलो. कारण हे ठिपके मी आधी पाहिले होते. आमच्या नवरीच्या कल्ल्यांवर.

१९८७ चा फेब्रुवारी. थंडी ओसरत होती. लाल नवरी दोन-तीन दिवस पांढऱ्या नवरदेवाच्या मागे मागे फिरत होती, त्याला ढुशा देत होती. आजी हसून म्हणायची, "नवरी जरा आगाऊच दिसतेय." मग मला ते पांढरे ठिपके दिसले. मी बारा वर्षांचा होतो आणि वाचनालयातून आणलेल्या एका पुस्तकात पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचं पान माझं पाठ होतं. तो रोग खराच असतो. पाण्यातल्या एका सूक्ष्म परजीवीमुळे होतो आणि टाकीच्या टाकी साफ करतो. मी घाबरलो. बाबा फिरतीवर होते. मी मीठ घातलं, निळं औषध घातलं, एका झाकणाऐवजी चार झाकणं. शिवाय पाणी स्वच्छ हवं म्हणून रोज सगळं काढून नळाचं ताजं पाणी भरायचो. त्या पाण्यातलं क्लोरीन माशाला बाधतं हे ठाऊक नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी नवरी पाण्यावर आडवी तरंगत होती.

तिला काही झालं नव्हतं. ती मुळात 'ती' नव्हती. तो तरणाताठा, निरोगी नर होता आणि त्याच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस चालू होते.

त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागलो (माझेही तारेच म्हणा). शास्त्रज्ञांनाही हा मासा सहजासहजी वश झालेला नाही. नागोया विद्यापीठाच्या तोकिओ यामामोतो यांनी एका सहकाऱ्यासह १९६८ मध्ये संप्रेरकं खाऊ घालून गोल्डफिशच्या पिल्लांचं लिंग पालटून दाखवलं. अशा माशांच्या संततीवरून त्यांनी सिद्ध केलं की माणसाप्रमाणेच इथेही नर एक्स-वाय असतो. १९८७ मध्ये, म्हणजे आमची नवरी गेली त्याच वर्षी, 'नेचर'मध्ये एक शोधनिबंध आला. अंडी पक्व होण्याच्या वेळी मादी एक संप्रेरक पाण्यात सोडते आणि त्याची चाहूल लागताच नराचं शरीर तयारीला लागतं, असा तो शोध. म्हणजे मासे एकमेकांना रंगावरून ओळखत बसत नाहीत. सगळा निरोप पाण्यातून जातो, आणि आपण काचेबाहेर शालू आणि झब्बा शोधत बसतो.

तर भाचीसाठी आणि ज्यांच्या घरी टाकी आहे त्या सगळ्यांसाठी, आजोबांकडून शिकलेलं थोडक्यात. मासा वर्षाचा होईपर्यंत घाई नको. नर साधारण सडपातळ, त्याचे कल्ल्यांजवळचे पंख लांबट आणि पुढची काडी जाड. मादी गुबगुबीत, पंख आखूड आणि गोलसर, विणीच्या दिवसांत मागचं छिद्र किंचित बाहेर आलेलं. ठिपके फक्त कल्ल्यांच्या झाकणावर आणि पंखाच्या पुढच्या काडीवर असतील आणि मासा मजेत हुंदडत असेल तर तो नर. ठिपके मिठाचे कण भुरभुरल्यासारखे अंगभर, शेपटीवर कसेही विखुरलेले असतील आणि मासा दगडाला अंग घासत असेल तर मात्र रोग. एकाच खुणेवर निकाल देऊ नका. काही नरांना ठिपके येतच नाहीत आणि क्वचित एखाद्या म्हाताऱ्या मादीलाही दोन-चार येतात.

आणि सोने, ठिपके दिसले तर औषधाच्या बाटलीला हात लावण्याआधी मामाला फोन कर. रात्री दोन वाजले असले तरी.

नवरीला आजीने गॅलरीतल्या जास्वंदीच्या कुंडीत पुरलं. पांढरा मासा पुढे तीन वर्षं एकटाच टाकीत फिरत राहिला. दर थंडी सरताना त्याचं पोट एका बाजूने फुगायचं आणि आम्ही त्याचं खाणं कमी करायचो. आजी शेवटपर्यंत त्याला नवरदेवच म्हणत राहिली.