उलट्या धरलेल्या बंदुकीसाठी हात

माझ्या टेबलावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात पन्नासेक डोकी, त्याहून जास्त हात आणि बऱ्याच बंदुका आहेत. सैनिकांची जुनी छोटी मॉडेल जमवणाऱ्याकडे असा डबा असतोच. मोडलेले टाकायचे नाही; एकाचे धड, दुसऱ्याचे डोके, तिसऱ्याचे हात जोडून चौथाच सैनिक उभा करायचा. दिवाळीच्या किल्ल्यावर मान तुटलेल्या मावळ्याला काडी खोचून पुन्हा पहाऱ्यावर बसवणाऱ्यांना हे नवे नाही.

लंडनच्या ब्रिटन कंपनीने १८९३ मध्ये शिशाचे पोकळ सैनिक ओतायला सुरुवात केली. वितळलेला धातू साच्यात ओतायचा, बाहेरचा थर थिजला की आतला उरलेला काढून घ्यायचा. उंची ५४ मिलिमीटर. अनेकांचा एक हात खांद्यावरच्या खुंटीत वेगळा बसवलेला असे. डोके, हात, रंग बदलला की दुसरी पलटण तयार! त्यांच्या यादीत 'सेकंड बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री'ही होती. फेटा आणि तपकिरी रंग, की झाला हिंदी शिपाई. म्हणजे जोडकामाची ही युक्ती छंदिष्टांच्या आधी कारखान्याचीच. १९६६ मध्ये तिथले शिशाचे सैनिक बंद झाले, प्लास्टिक आले. फ्रान्सच्या हिस्टोरेक्सने नेपोलियनच्या सैन्याचे हात, डोकी, तलवारी सुट्या विकल्या. एअरफिक्सच्या 'मल्टिपोज' संचात ब्रिटिश आठव्या सेनेचे धड, पाय, हात वेगवेगळे मिळत.

हाच संच घेऊन मी नाईक यशवंत घाडगे उभे करायला बसलो. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतले. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबरच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मशीनगनच्या माऱ्याने पडले. घाडगे एकटे धावून गेले. बॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला टॉमीगनने टिपले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना ठार केले. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला.

ही हकीकत मी व्याख्यानांत कित्येकदा सांगितली होती. 'बंदुकीच्या दस्त्याने' म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे लांब रायफल असे. हातात पाते घेऊन प्लास्टिक कापायला लागलो तेव्हा चूक कळली. टॉमीगन जेमतेम पावणेतीन फुटांची. नळीकडून धरली तर पुढे उरते ते फार थोडे. समोरच्याच्या अंगाशी भिडल्याशिवाय घाव पोचणारच नाही. शिवाय नळी नुकत्याच झाडलेल्या गोळ्यांनी तापलेली. डब्यातल्या टॉमीगनला गोल डब्यासारखे मॅगझिन होते, सिनेमातल्या गुंडांचे असते तसे. तोवर पायदळात २० किंवा ३० गोळ्यांचे सरळ मॅगझिन रुळले होते. गोल कापून टाकले, सरळ चिकटवले.

हातांनी मात्र फार छळले. संचातला प्रत्येक हात बंदूक नीट धरायला केलेला. उलटी कोण धरतो? शेवटी हिस्टोरेक्सचा एक फ्रेंच गोलंदाज सापडला, तोफेत गज ठासणारा. त्याच्या मुठी नेमक्या हव्या तशा. नेपोलियनच्या काळातल्या बाह्या मनगटाशी कापून टाकल्या, मुठी उघड्या कोपरांना जोडल्या, सांधे पुट्टीने भरले. चार संध्याकाळी गेल्या. घरात हसू झाले ते वेगळेच.

घाडग्यांचा देह सापडला नाही. त्यांना कबर नाही. नाव इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर आहे. माणगावात पुतळा आहे. २०२३ मध्ये पेरुजा प्रांतातल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले.

डोके शेवटी बसवले. डब्यात फेटेवाली सात होती, ती बाजूला ठेवली. इटलीतल्या युद्धछायाचित्रांत मराठा शिपायांच्या डोक्यावर पोलादी हेल्मेट दिसते. तेच घेतले. संचातल्या ब्रिटिश सैनिकांचेच, त्याच साच्यातले.