मुंबई उपनगरांतील किनारी सायकलमार्ग

मुंबई उपनगरांतील किनारी सायकलमार्ग म्हणजे वांद्र्यापासून जुहू, वर्सोवा, मढ, मार्वे, मनोरी व गोराई या मार्गाने उत्तन आणि भाईंदरपर्यंत जाणारी, हौशी सायकलस्वारांनी वापरातून रूढ केलेली मार्गमालिका होय. तिला अधिकृत नाव, दिशाफलक किंवा सलग राखीव पट्टा नाही. नेहमीचे शहरी रस्ते, कोळीवाड्यांतील गल्ल्या, खाडीकाठच्या जेट्ट्या आणि दोन फेरीबोटी यांच्या जोडणीतून ती तयार झाली आहे. एकूण अंतर अंदाजे ४० किलोमीटर भरते. मार्गाचा बहुतांश भाग १९९० साली स्थापन झालेल्या मुंबई उपनगर जिल्ह्यात असून उत्तन व भाईंदर ही टोकाकडील गावे ठाणे जिल्ह्यात, मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत येतात.

भौगोलिक पार्श्वभूमी

मुंबईची उपनगरे मुख्यत्वे साष्टी बेटावर वसलेली आहेत. या बेटाचा पश्चिम किनारा सरळ नाही. मालाडची खाडी वर्सोवा व मढ यांना एकमेकांपासून तोडते, तर मनोरीची खाडी मार्वे व मनोरी यांच्यामधून आत शिरून पुढे गोराईच्या खाडीच्या रूपाने पसरते. त्यामुळे किनाऱ्याने उत्तरेकडे जाणारा सलग मोटाररस्ता नाही. वर्सोव्याच्या जेट्टीवरून समोर मढ स्पष्ट दिसते आणि फेरीबोटीने काही मिनिटांत तेथे पोहोचता येते. मात्र मोटारीने जायचे झाल्यास मालाडमार्गे सुमारे २० किलोमीटरचा वळसा पडतो. बोटीत सायकल चढवता येत असल्याने हा वळसा सायकलस्वाराला पडत नाही. मढपासून उत्तनपर्यंतच्या रस्त्यांवर महानगराच्या मानाने वाहतूक विरळ राहिली, याचे मोठे कारण हीच तुटलेली जोडणी आहे.

वांद्रे ते वर्सोवा

मार्गाचा प्रारंभ सामान्यतः वांद्र्याच्या किल्ल्यापासून मानला जातो. पोर्तुगीजांनी १६४० मध्ये माहीमच्या खाडीवर लक्ष ठेवण्यासाठी तो बांधला. किल्ल्यावरून वांद्रे–वरळी सागरी सेतू दिसतो. २००९ मध्ये खुल्या झालेल्या या सेतूवर सायकल, दुचाकी व पादचारी यांना प्रवेश नाही. दक्षिण मुंबईतून येणाऱ्या सायकलस्वाराला त्यामुळे माहीमच्या गजबजलेल्या रस्त्यानेच वांद्रे गाठावे लागते.

बँडस्टँडवरून कार्टर रोडकडे जाताना उजव्या हाताला मोत माउलीची टेकडी लागते. टेकडीवरील चर्चकडे जाणारा चढ लांब नसला तरी तीव्र आहे, आणि सरावासाठी तो पुन्हापुन्हा चढणारे सायकलस्वार पहाटे हमखास दिसतात. सप्टेंबरमधील जत्रेच्या आठवड्यात मात्र हा परिसर टाळावा लागतो. टेकडीच्या आसपास चिंबई, रणवार, शेर्ली व पाली ही ईस्ट इंडियन ख्रिस्ती व कोळी वस्तीची जुनी गावठाणे आहेत. लाकडी सज्जांची घरे, चौकातील क्रूस आणि मोटार जेमतेम शिरेल एवढ्या गल्ल्या हे त्यांचे वैशिष्ट्य. येथील जुन्या घरांतून मराठीचीच एक बोली बोलली जाते, हे बाहेरून येणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते.

कार्टर रोडला संगीतकार नौशाद अली यांचे नाव देण्यात आले आहे. समुद्राच्या बाजूला खडकाळ किनारा व तिवरांची झाडी आहे. त्यालगतचा पदपथ पादचाऱ्यांसाठी असून सायकली रस्त्यावरूनच चालवाव्या लागतात. खार दांड्याच्या कोळीवाड्यातून बाहेर पडल्यावर जुहू तारा रस्ता लागतो. हा टप्पा संपूर्ण मार्गातील सर्वांत कमी सुखावह आहे, कारण सकाळी आठनंतर बस, रिक्षा व पर्यटकांच्या गाड्या यांतून वाट काढावी लागते. जवळच जुहू विमानतळ आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल आणणारे विमान येथेच उतरवले होते. ओहोटीच्या वेळी जुहूच्या घट्ट, ओल्या वाळूवरून सायकल चालवता येते, परंतु खारे पाणी व वाळू साखळीत अडकून ती लवकर गंजते; अशा फेरीनंतर सायकल गोड्या पाण्याने धुऊन साखळीला तेल देणे आवश्यक ठरते.

मढ, एरंगळ आणि मार्वे

वर्सोव्याची जेट्टी कोळीवाड्याच्या टोकाला आहे. पहाटे मासळीच्या टोपल्या, कामगार, शाळकरी मुले, मोटारसायकली आणि सायकलस्वार एकाच बोटीत असतात. सायकलीसाठी वेगळे तिकीट घ्यावे लागते. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील फरक ४ मीटरहून अधिक असतो. परिणामी पूर्ण ओहोटीला धक्क्याचा उतार शेवाळामुळे निसरडा होतो आणि सायकल खांद्यावर घेऊन उतरावे लागते. भरतीचे वेळापत्रक पाहून निघण्याची पद्धत त्यामुळे अनुभवी सायकलस्वारांत रूढ आहे.

मढ बेटाच्या दक्षिण टोकाला पोर्तुगीजकालीन किल्ला आहे. तो मराठ्यांनी १७३९ मध्ये घेतला. सध्या तो भारतीय हवाई दलाच्या ताब्यात असल्याने आत जाता येत नाही. किल्ल्यापासून मार्व्यापर्यंतचा सुमारे आठ किलोमीटरचा रस्ता नारळ, ताड व भातखाचरे यांच्यामधून जातो. पावसाळा सरल्यानंतर किनाऱ्यावर बांबूंच्या उंच मांडवांवर बोंबील वाळत घातलेले दिसतात. वास दूरवर येतो. एरंगळ येथे १५७५ मध्ये बांधलेले संत बोनाव्हेंचरचे चर्च थेट वाळूला लागून आहे. जानेवारीतील दुसऱ्या रविवारी तेथे भरणाऱ्या जत्रेला सर्व धर्मांचे लोक येतात. पुढील आक्सा किनारा देखणा असला तरी तेथील प्रवाह फसवे असून अनेकांनी प्राण गमावले आहेत. मार्व्यालगत नौदलाचा आय. एन. एस. हमला हा तळ आहे; तेथे छायाचित्रणास बंदी आहे.

मनोरी, गोराई आणि उत्तन

मार्व्याहून दुसरी फेरीबोट मनोरीला जाते. मनोरी, गोराई, उत्तन व डोंगरी ही गावे ज्या भूभागावर आहेत, त्याला धारावी बेट असे जुने नाव आहे. मध्य मुंबईतील धारावीशी त्याचा संबंध नाही. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत (१७३७–१७३९) येथील किल्ल्याला महत्त्व होते, कारण तेथून वसईच्या खाडीच्या मुखावर नजर ठेवता येत असे.

गोराईत २००९ मध्ये खुला झालेला विपश्यना पॅगोडा दूरवरून दिशादर्शकासारखा दिसतो. बोरिवलीहून गोराईला येणारी फेरीबोटही सायकली नेते. त्यामुळे वेळ अपुरा असल्यास मार्ग येथेच संपवून खाडीपलीकडे परतता येते. गोराई ते उत्तन हा टप्पा चढउतारांचा आहे. चढ फार मोठे नाहीत, परंतु एप्रिल-मे महिन्यांत सावली तुरळक असल्याने ते थकवतात. उत्तनला दीपगृह व मासेमारीचे मोठे बंदर असून पुढे मोर्वा, राई व मुर्धा या गावांतून, मिठागरांच्या कडेने रस्ता भाईंदर स्थानकाकडे जातो. भाईंदर–वसई रो-रो सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून वसई किल्ल्यापर्यंत फेरी वाढवणेही शक्य झाले आहे.

सुविधा व धोरण

उपनगरांत सायकलीसाठी झालेले अधिकृत प्रयत्न किनाऱ्याऐवजी इतरत्र झाले आणि बहुतेक अल्पायुषी ठरले. वांद्रे-कुर्ला संकुलात बांधलेल्या सायकलपट्ट्यावर काही वर्षांतच वाहने उभी राहू लागली आणि त्याचा मूळ उपयोग थांबला. याउलट, काहीही न बांधता केवळ रस्ता मोकळा करण्याचे उपक्रम लोकप्रिय झाले. नोव्हेंबर २०१४ मध्ये वांद्रे–सांताक्रूझ पट्ट्यात ‘इक्वल स्ट्रीट्स’ आणि मार्च २०२२ मध्ये मुंबई पोलिसांचा ‘संडे स्ट्रीट्स’ या नावांनी रविवारी सकाळी काही तास ठरावीक रस्ते मोटारींसाठी बंद ठेवण्यात आले. पश्चिम उपनगरांतील मेट्रोच्या डब्यात सायकल नेण्याची मुभा मिळाल्याने परतीचा प्रवास पूर्वीपेक्षा सुकर झाला आहे.

वर्सोवा–मढ दरम्यान पूल बांधण्याचे मुंबई महानगरपालिकेने प्रस्तावित केले असून वर्सोव्याहून भाईंदरकडे जाणारा सागरी रस्ताही नियोजित आहे. मढ व मनोरीच्या रहिवाशांच्या दृष्टीने हा प्रश्न सायकलफेरीचा नसून रुग्णालय, महाविद्यालय व बाजारपेठ यांच्याशी जोडणीचा आहे. रात्री बोट बंद झाल्यावर आजाऱ्याला मालाडच्या वळशानेच न्यावे लागते. दुसरीकडे तिवरांची तोड, मासेमारीच्या जागा व बोटींवर उपजीविका असणारे खलाशी यांबाबत आक्षेप घेतले जातात. सायकलस्वारांच्या दृष्टीने निर्णायक बाब अशी की, वांद्रे–वरळी सेतूचा नियम नव्या पुलांनाही लागू झाला, तर बोट बंद पडेल आणि पुलावर मज्जाव राहील, म्हणजे आज खुली असलेली वाटच बंद होईल. पुलाच्या कडेला सायकल व पादचाऱ्यांसाठी जागा राखणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

ऋतू व वेळ

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत अनुकूल आहे. या दिवसांत पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे हलका वाहतो. दुपारनंतर तो समुद्राकडून, बहुतांशी वायव्येकडून येतो. उत्तरेकडील प्रवास सकाळी आणि दक्षिणेकडील परतीचा प्रवास दुपारी ठेवल्यास वारा पाठीशी राहतो. जून ते सप्टेंबर या काळात हिरवळ विपुल असली तरी खवळलेल्या पाण्यामुळे फेरीबोटी अचानक स्थगित होऊ शकतात. मढ ते गोराई दरम्यान सायकलदुरुस्तीची दुकाने मोजकीच असल्याने पंक्चरचे साहित्य, हातपंप व जादा ट्यूब सोबत ठेवतात.